चोवीस तारखेचं जास्तीचं पान

एजवेअर
९ एप्रिल २००६

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार.

फोन न करता पत्र लिहिते आहे म्हणून रागावू नका. तुमच्या कानातलं यंत्र फोनवर शिट्टी मारतं, मग तुम्ही नुसतं "बरं बरं" करता आणि मी काय बोलले ते तुम्हाला नंतर शशिकांतराव ओरडून सांगतात. आजची गोष्ट त्यांच्यामार्फत जायला नको आहे.

ह्यांना जाऊन परवा तीन महिने झाले. काल धीर करून ह्यांचं टेबल आवरायला घेतलं. अक्षया म्हणाली होती, "आई, मी वीकेंडला येते, दोघी मिळून करू." पण मुलीला वडिलांचे ड्रॉवर उपसायला लावणं मला बरं वाटेना. नाही लावलं तेच बरं झालं.

सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या पासपोर्टांखाली, एक पाकीट होतं. आत एक फोटो. आपले हे, चोविशीतले, कोट घातलेले, केस चापून बसवलेले. समोर एक गोरी मुलगी, पांढऱ्या कपड्यांत. मधे टेबल, त्यावर पांढरंशुभ्र कापड, आणि कापडाच्या कडेखालून गवताच्या काड्या डोकावताहेत. बाजूला मेणबत्ती. आणि वन्सं, ती मुलगी ह्यांच्या तोंडाशी पापडासारखं काहीतरी पांढरं धरून उभी आहे, आणि हे तिच्या तोंडाशी. दोघंही हसताहेत.

मी काही दुधखुळी नाही. दर्भ आहे, साक्षीला अग्नी आहे, घास भरवणं चाललं आहे. आमच्या लग्नात घास भरवताना हे इतके लाजले होते की जिलबी माझ्या नाकाला लागली होती, आठवतं ना? इथे मात्र अगदी सरावल्यासारखे उभे आहेत.

पाकिटात आणखी एक वस्तू निघाली. नखाएवढी, पातळ, चकचकीत टिकली. लग्नाच्या झग्यांवर शिवतात ना, तसली.

फोटोच्या मागे लिहिलं आहे: लिपोवो, २४-१२-६२. म्हणजे साखर कारखान्याची यंत्रं शिकायला कंपनीने ह्यांना पोलंडला धाडलं होतं, त्या दीड वर्षातला.

तारीख मी पुन्हा पुन्हा वाचली. तुम्हाला माहीतच आहे, दर वर्षी चोवीस डिसेंबरला ह्यांचा हट्ट असायचा की टेबलावर एक पान जास्तीचं मांडायचं. "कुणासाठी?" म्हटलं की म्हणायचे, "कुणी अचानक आलं तर?" या देशात आल्यापासून अडतीस वर्षं मी ते पान मांडलं. ताट, वाटी, पेला, शेजारी खुर्ची. कुणी कधी आलं नाही. मला वाटायचं, असते एखाद्याला खोड. आता वाटतं, मी माझ्या हातांनी तिच्यासाठी पान मांडत होते.

मला एवढंच कळायला हवं आहे, वन्सं. मी ह्यांची पहिली बायको की दुसरी? तुम्ही त्यांची धाकटी बहीण, तुमच्यापाशी त्यांचं सगळं असायचं. ठाऊक असेल तर सांगा. मी आता रडून दाखवण्याच्या वयाची राहिले नाही, पण अन्न गोड लागत नाही.

तुमची,
सुहासिनी


साउथहॅम्प्टन
१७ एप्रिल २००६

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. इथे सगळं छान चाललं आहे. शशिकांतने ग्रीनहाउसमध्ये कारल्याचे वेल चढवलेत आणि हॉस्पिटलातल्या पेशंटला विचारावं तसं रोज सकाळी तो त्यांची तब्येत विचारतो. काल बंदरात एक मोठं क्रूझचं जहाज लागलं होतं, सगळं गाव बघायला लोटलं. हवा अजून गार आहे. तू थर्मल घालतेस ना?

आणि त्या फोटोचं काय घेऊन बसलीस! तरुण पोरं परदेशात एकत्र आली की नाटकं करतात, नाताळची गंमत करतात. दादा आणि लपवाछपवी? अगं, त्याला पत्ते खेळताना साधं हसू दाबता येत नसे. ती हालिना का कोण, ती आता चांगली सत्तरीला टेकलेली आजी असेल, कदाचित नसेलही. फोटो फाडून टाक आणि चार दिवस इकडे ये. कारली व्हायची आहेत, पण मी आहे.

तुझी,
वैजयंती


एजवेअर
२४ एप्रिल २००६

वन्सं,

मी माझ्या पत्रात त्या मुलीचं नाव लिहिलं नव्हतं.

फोटोच्या मागे तारखेखाली बारीक अक्षरात ते आहे. लिहायला हात होईना, म्हणून मी गाळलं. तुम्हाला ते कुठून कळलं?

सुहासिनी


साउथहॅम्प्टन
८ मे २००६

प्रिय वहिनी,

दोन आठवडे कागद पुढे घेऊन बसते आहे आणि उठते आहे. आता सांगतेच.

तो फोटो मी आधी पाहिला आहे. दादाने तो १९६३च्या जानेवारीत पुण्याला मलाच पाठवला होता, घरच्या पत्त्यावर नाही, माझ्या कॉलेजच्या पत्त्यावर. सोबत चिठ्ठी होती. ती मला पाठ आहे: "वैजू, माझ्या हातून इथे एक गोष्ट घडली आहे. निघताना आईला दिलेला शब्द मी मोडला. तिला कळलं तर ती मला घरात घेणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल. पण तुला खरं सांगतो, मला पश्चात्ताप होत नाही. सोबतचा फोटो लपवून ठेव, आलो की घेईन. चिठ्ठी जाळ."

चिठ्ठी मी जाळली नाही. आईला दिलेला शब्द कुठला, हे घरातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. निघायच्या दिवशी आईने त्याला देवासमोर उभा करून शब्दांवर शब्द घेतले होते. त्यातला गोऱ्या मुलीचा शब्द सर्वांत मोठा. तो सांगताना आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

दादा परत आला, फोटो मागून घेतला, पुढे एक अक्षर बोलला नाही. मीही विचारलं नाही. मग वर्षभरात तुझं स्थळ आलं. तू मला पाहताक्षणी आवडलीस. तुला सांगावं असं मला वाटलं होतं वहिनी, खरंच वाटलं होतं. पण दादा खुशीत होता, आई खुशीत होती, आणि मी वीस-एकवीस वर्षांची. लग्नात करवली म्हणून दादाच्या मागे करा धरून उभी राहिले तर त्यातलं पाणी सारखं हिंदकळून सांडत होतं. सगळ्यांना वाटलं, कऱ्याचं ओझं होतंय.

ते ओझं अजून उतरलेलं नाही. तू इतकी वर्षं मला सख्ख्या बहिणीसारखी वागवलंस आणि प्रत्येक वेळी माझ्या मनात यायचं की आपण हिला फसवलं आहे. तुला काय म्हणायचं ते म्हण. फक्त आता ते उकरत बसू नकोस. दादा गेला. तुला त्याने कधी काही कमी केलं नाही, तेवढं खरं मान.

वैजयंती


एजवेअर
५ जून २००६

सौ. वैजयंतीबाई यांस,

कळवण्यास कारण की, मी १ जुलै रोजी लिपोवोला जाते आहे. अक्षयाची तनिषा सोबत आहे. तिच्या ए लेव्हल्सच्या परीक्षा तोवर संपतील, तिनेच इंटरनेटवरून तिकिटं काढली. ल्यूटनहून विमान आहे. तिला आणि अक्षयाला मी इतकंच सांगितलं की ह्यांनी तरुणपणी पाहिलेलं गाव मला पाहायचं आहे.

ती चिठ्ठी जाळली नाही असं तुम्ही लिहिलंत. ती पाठवावी.

सुहासिनी


साउथहॅम्प्टन
१२ जून २००६

प्रिय वहिनी,

चिठ्ठी सोबत आहे.

तू मला वन्सं म्हटलं नाहीस. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. वाचून मी पाकीट उलटून पाहिलं, दुसऱ्या कुणाला आलेलं पत्र तर नाही.

तिथे जे कळेल ते कळव. नाही कळवलंस तर मी समजून घेईन. गुडघ्याची पट्टी विसरू नकोस.

तुझीच,
वैजयंती


लिपोवो
४ जुलै २००६

प्रिय वन्सं,

हो, वन्सं. पत्र उभ्याने वाचत असाल तर आधी बसा. वाईट काही नाही. पण पुढे हसायचं आहे आणि तुमच्याही गुडघ्यांचा भरवसा नाही.

वॉर्सोहून इथवर तीन तासांची बस. रस्ता सगळा जंगलातून. सरळसोट पाइन, मधूनच पांढऱ्या सालीचे बर्च, आणि रस्त्याच्या कडेला स्टुलांवर बसून काचेच्या बरण्यांत जंगलातल्या ब्लूबेरी विकणाऱ्या बायका. तनिषा खिडकीला नाक लावून बसली होती. "आजी, लुक! केवढा मोठी पक्षी! पोलवर घर केली आहे!" विजेच्या खांबावर करकोच्यांचं घरटं होतं, आत तीन पिल्लं माना उंचावून. एरवी मी तिच्या मराठीला हसले असते. त्या दिवशी हसू आलं नाही.

गाव दोन नद्यांच्या संगमावर आहे. मधे दगडी फरशीचा चौक, भोवती पिवळी-गुलाबी बुटकी घरं, चारशे वर्षांपूर्वीचं नगरभवन, नदीकाठी त्याच काळातलं धान्याचं कोठार, आणि घरं संपली की लगेच जंगल. पोरं पुलावरून पाण्यात उड्या मारत होती. इतकं देखणं गाव आणि मला त्याचा राग राग येत होता. इथून हे तिच्याबरोबर हिंडले असतील, त्या बाकावर बसले असतील, हेच डोक्यात. रविवारी सगळं बंद. मी तनिषाला गुडघ्याची सबब सांगितली आणि दिवसभर नदीकाठी बसून राहिले. परत जावं, असंही दोनदा वाटलं.

काल, सोमवारी, बेकरीत पाव घेताना हिय्या करून फोटो पुढे केला. बेकरीवालीने चष्मा चढवला आणि ओरडलीच, "हालिना!" दुकान तसंच उघडं टाकून, माझा हात धरून, तिने आम्हाला नदीकडच्या एका घरापाशी नेऊन उभं केलं.

दारात मटार सोलत एक उंच, पांढऱ्या केसांची बाई बसली होती. तिने फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि चांगल्या इंग्रजीत विचारलं, "कामिल कुठे आहे?" (कमलाकर म्हणता येईना म्हणून त्यांच्या घरात हे कामिल. आणि ही पुढे इंग्रजी शिकून शाळेत तेच शिकवायला लागली.) मी म्हटलं, जानेवारीत गेले. तिने मटार बाजूला ठेवले, कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली आणि माझा हात हातात घेतला. मी तो काढून घेतला, वन्सं. तनिषाला करकोचे बघायला पाठवलं आणि सरळ विचारलं, "तुमचं ह्यांच्याशी लग्न झालं होतं का?"

तिला वाटलं, माझं इंग्रजी चुकतंय. मी पुन्हा विचारलं. मग ती हसायला लागली. ती हसते आहे आणि मी दगडासारखी उभी. शेवटी डोळे पुसत ती आत गेली आणि भिंतीवरचा फोटो काढून घेऊन आली, तिच्या लग्नाचा. म्हणाली, "हा माझा नवरा. तुमच्या हातातला फोटो यानेच काढला. तेव्हा आमचं ठरलेलं होतं."

मग तिने सांगितलं. हे नाताळसाठी वॉर्सोला निघाले होते. बर्फात बस अडकली ती लिपोवोच्या अलीकडे, जंगलात. हे दोन तास चालत आले आणि पहिला दिवा दिसला तिथे दार ठोठावलं. आत हालिनाच्या घरची माणसं नुकती जेवायला बसत होती. यांच्यात चोवीस डिसेंबरला टेबलावर एक पान जास्तीचं मांडतात, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी. घरोघरी मांडतात. पिढ्यान्‌पिढ्या मांडतात आणि सहसा कुणी येत नाही. त्या वर्षी दार वाजलं आणि बाहेर आपला सावळा पोरगा, भुवयांवर बर्फ घेऊन. हालिनाच्या आईने नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाली, "ये. तुझं पान मांडलेलं आहे."

कापडाखालचं गवत का, तर येशू गोठ्यात जन्मला म्हणून. मी म्हणे दर्भ! आणि तो पापड म्हणजे पिठाची कागदासारखी पातळ वडी. जेवणाआधी घरातल्या प्रत्येकाने प्रत्येकाच्या हातातली मोडून खायची, मागचं सोडून द्यायचं आणि पुढच्या वर्षासाठी चांगलं चिंतायचं. आपला तिळगूळच म्हणा ना. हे त्या दिवशी सगळ्यांच्या हातची खाऊन बसले होते, आजोबांच्यासुद्धा. पण रोलमध्ये फोटो एकच उरला होता.

मग मी तुम्ही पाठवलेली ह्यांची चिठ्ठी काढली आणि इंग्रजी करून वाचून दाखवली. आईला दिलेला शब्द मोडला म्हणतात, तो कुठला? हालिनाने पुष्कळ आठवलं, आणि एकदम म्हणाली, "कार्प!"

मासा, वन्सं! त्या जेवणात मटण नसतं, पण मासा असतोच असतो. हालिनाच्या आईने सगळ्यात मोठी तुकडी पाहुण्याच्या पानात घातली. हे मोडक्यातोडक्या पोलिशमध्ये सांगायला लागले: आई, शब्द, नाही. म्हातारीने सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "दोन तास बर्फातून आलेल्या पोराला तुझ्या आईने उपाशी ठेवलं असतं का? आज इथली आई मी आहे. खा." हे रडले आणि खाल्लं. आणि मग दुसरी तुकडी मागून घेतली. हालिनाने हे मला तीनदा सांगितलं.

आणि ती टिकली! माशाचा खवला. तो पाकिटात ठेवला की वर्षभर बरकत राहते म्हणे. ह्यांनी जन्मभर ठेवला.

"मला पश्चात्ताप होत नाही." माशाचा!

माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू! आधी हसले, मग रडू आलं ते थांबेना. तनिषा धावत आली. "आजी, काय झाला? का रडते?" म्हटलं, "तुझा आजोबाने मासा खाल्ली." तिच्याच व्याकरणात सांगितलं, म्हणजे लवकर कळेल.

आता एक गोष्ट जी कालपासून टोचते आहे. सासूबाई चौऱ्याहत्तर साली गेल्या. त्यानंतर तरी ह्यांनी मला का सांगितलं नाही? उत्तर मला ठाऊक आहे. हाउन्सलोच्या त्या भाड्याच्या खोल्या, वरच्या बिऱ्हाडाशी सामाईक स्वयंपाकघर. वरच्या बाईने मासे तळले म्हणून मी दोन दिवस जेवले नव्हते. शेगडी तीनदा घासली आणि ह्यांना ऐकवलं, "मासा खाल्लेल्या तोंडाशी मी जन्मात बोलणार नाही." हे बिचारे खाली मान घालून शेगडी पुसत होते. सासूबाईंच्या जागी मीच जाऊन बसले होते, वन्सं. त्यांनी सांगायचं तरी कुणाला? वर्षातून एकदा एक पान मांडायला सांगायचे, तेवढंच.

तुमच्यावरचा राग विमानातच गेला असं लिहिणार होते, पण खोटं कशाला? काल दुपारी तीनच्या सुमारास गेला. हालिनाकडे गेल्या नाताळातली एक वडी उरली होती. तिने आणि मी मोडून खाल्ली. उरलेली अर्धी सोबत ठेवते आहे. मागचं सोडून द्या, मीही दिलं.

तुमचीच,
वहिनी


साउथहॅम्प्टन
१३ जुलै २००६

प्रिय वहिनी,

तुझी वडी पोचली तेव्हा तिचा चुरा झाला होता. मी पाकीट तळहातावर झटकलं आणि चुरा खाल्ला. शशिकांत म्हणाला, "हे कसलं औषध? लेबल बघितलंस का?" मग मी त्याला तुझं सगळं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. तो कारल्यांना पाणी घालायचं विसरला.

वहिनी, आईने दादाकडून घेतलेल्या शब्दांत मासा होता! मला आता लख्ख आठवतंय. दारू, विडी, मांसमच्छी, आणि शेवटी मडम. मी आपली मडमेपाशीच अडकले. बेचाळीस वर्षं करा धरून उभी आहे, तो माशासाठी! आणि मी स्वतः इथे तीस वर्षं दर शुक्रवारी फिश अँड चिप्स खाते आहे, हे तुला ठाऊक नव्हतं. आता असू दे.

एक सांगते. तुम्ही इकडे यायचात तेव्हा मी ते दादापासून लपवायची. एकदा मात्र त्याने मला बंदरावर पकडलं. मी बाकावर बसून कागदातून खात होते. वाटलं, आता बोलणार. पण तो शेजारी बसला, बराच वेळ माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ह्यात काटे नसतात का गं? मला काट्यांची भीती वाटते." मला वाटलं, टोमणा मारतोय. मी कागद गुंडाळून बिनमध्ये टाकला.

त्याला एक घास हवा होता गं. मी विचारलंसुद्धा नाही.

आज सकाळी उठले तर खांदे हलके वाटले. कितीतरी वर्षांनी.

तुझी,
वैजयंती


एजवेअर
३ डिसेंबर २००६

प्रिय वन्सं,

हालिनाची वडी पोस्टाने आली, ह्या वेळी पुठ्ठ्यात घालून. तिने लिहिलं आहे की त्यांच्या घरात दर वर्षी ते पान मांडताना कामिलची गोष्ट सांगतात. जन्मलेलं प्रत्येक पोर ती ऐकत वाढलं. माझ्या नवऱ्याची गोष्ट सगळ्या लिपोवोला पाठ आणि मला नाही, याचा ऑगस्टमध्ये पुन्हा थोडा राग आला होता. गेला तोही.

वर्षश्राद्ध जानेवारीत आहे. ते गुरुजी सांगतील तसं होईल, खीर, वडे, सगळं. पण चोवीस तारीख माझी. त्या दिवशी मी पान मांडणार, आणि ह्या वर्षी ते कुणासाठी हे मला ठाऊक आहे. गेलेल्या माणसाच्या आवडीचं पानात वाढतात ना? ह्यांच्या आवडीचं काय होतं, ते मला साठी उलटल्यावर कळलं.

माझ्या स्वयंपाकघरात आजवर अंडंसुद्धा आलेलं नाही. मला मासा करता येत नाही, हातही लाववणार नाही. वास सोसेल की नाही सांगता येत नाही, पण मी खिडक्या उघड्या ठेवीन आणि कोट घालून बसेन. तुम्ही करून आणा. नाही म्हणू नका.

तुमची,
वहिनी


साउथहॅम्प्टन
७ डिसेंबर २००६

प्रिय वहिनी,

येतो, दोघंही. पण आम्ही सांगून येतो आहोत, तेव्हा आमची पानं निराळी मांड. जास्तीचं आमच्यात धरू नकोस.

इथे बंदराजवळ एक पोलिश दुकान निघालं आहे. तिथल्या मुलीने कार्प मागवून द्यायचं कबूल केलं. म्हणाली, चवीला छान असतो, पण काटे फार, अगदी बारीक बारीक.

तू काळजी करू नकोस. मी चष्मा लावून एकेक काढून आणीन. दादाला सवय नाही.

तुझी,
वैजयंती